बोटीनं घरसामान पाठवताना दिवस कुठे जातात?

परदेशी स्थायिक व्हायला निघालेल्या वाचकांची पत्रं गेल्या काही अंकांपासून येत आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: बोटीला किती दिवस लागतात? तो आकडा आम्ही खाली दिला आहेच, पण प्रत्येकाला आधी हे सांगावंसं वाटतं की समुद्रावरचे दिवस बऱ्यापैकी मोजता येतात. हिशेब चुकतो तो जमिनीवर, न्हावा शेवा बंदराच्या अलीकडे आणि तिकडच्या बंदराच्या पलीकडे.

प्रश्न : आम्ही पुण्याहून मेलबर्नला जात आहोत. ५ जानेवारीला विमान आहे. मुलांची शाळा जानेवारीअखेर सुरू होते, त्याआधी सामान घरात हवं. दिवाळी इथेच नीट साजरी करून, पाहुणे गेल्यावर पॅकिंग केलं तर जमेल का? सामान पूर्ण कंटेनरभर नाही. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही जमणार. का ते उलट्या दिशेनं मोजून पाहा.

सामान २५ जानेवारीला दारात हवं असं धरू. सामायिक कंटेनर मेलबर्नला उतरला की तो आधी गोदामात नेऊन रिकामा करतात आणि प्रत्येकाचं सामान वेगळं काढतात. यात ४ ते ७ दिवस जातात. मग कस्टम्सची कागदपत्रं आणि जैवसुरक्षा तपासणीची वेळ मिळणं, यासाठी १ ते २ आठवडे. त्यानंतर घरपोच गाडीची तारीख. म्हणजे बोट लागल्यापासून दारापर्यंत ३ ते ४ आठवडे धरावेत. मध्ये नाताळ आणि नववर्षाच्या सुट्ट्या आहेत, त्या काळात गोदामं आणि कार्यालयं अर्ध्या मनुष्यबळावर चालतात. त्यामुळे बोट डिसेंबरअखेरच्या आत लागायला हवी.

न्हावा शेवा ते मेलबर्न हा प्रवास सेवेनुसार साधारण २५ ते ४० दिवसांचा. हा फरक मुख्यतः कोलंबो, सिंगापूर किंवा पोर्ट क्लांगला कंटेनर एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर चढवण्यामुळे पडतो. पुढची बोट चुकली की आठवडा गेला, कारण बहुतेक सेवा आठवड्यातून एकदाच असतात. तेव्हा इथून बोट २० नोव्हेंबरच्या आसपास सुटायला हवी.

आता इकडची बाजू. बोट सुटण्याच्या काही दिवस आधी बंदराचं दार त्या बोटीसाठी बंद होतं. त्याला कट-ऑफ म्हणतात. त्याआधी सामान सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात पोचून शिपिंग बिल (म्हणजे कस्टम्सला द्यायचं निर्यातीचं निवेदन), तपासणी आणि कस्टम्सची निर्यात परवानगी व्हायला हवी. यासाठी ७ ते १० दिवस. शिवाय तुमचा कंटेनर सामायिक आहे. त्याच बंदराला जाणारं इतरांचं सामान जमेपर्यंत तुमचं गोदामात थांबतं, १ ते ३ आठवडे. सगळं मोजलं की पॅकिंगची तारीख २० ते २५ ऑक्टोबर येते. दिवाळीच्या आगेमागे पॅकिंगची माणसं गावाला गेलेली असतात, म्हणून दिवाळी याच सुमारास येत असेल तर पॅकिंग तिच्या आठवडाभर आधी उरका.

पॅकिंग ऑक्टोबरात हवं असेल तर घरी येऊन सामानाची मोजणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात करून घ्या. किमान तीन कंपन्यांकडून लेखी दर मागवा आणि सप्टेंबर संपण्यापूर्वी तारीख पक्की करा. गणपतीचे दिवस या वेळापत्रकातून आधीच वजा करून ठेवा.

मग ऑक्टोबर ते जानेवारी राहायचं कशावर? घर दोन भागांत बांधा. आधी बोटीचं सामान: पुस्तकं, जास्तीची भांडी, फर्निचर, हिवाळी कपडे (तुम्ही पोचाल तेव्हा तिकडे उन्हाळा असेल). उरलेल्या संसाराचे पुन्हा दोन ढीग करा: विमानातून नेण्याचा आणि इथेच देऊन टाकण्याचा. जुनी गादी, एक शेगडी, चार भांडी अशा शेवटच्या दिवशी वाटून टाकता येतील अशा वस्तूंवर अडीच महिने काढता येतात. पदवीची मूळ प्रमाणपत्रं, मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाची पुस्तिका, दागिने आणि औषधं बोटीच्या पेटीत कधीही घालू नका. शाळाप्रवेशाला लागणारा कागद सिंगापूरच्या धक्क्यावर अडकलेल्या पेटीत असला तर त्यावर उपाय नसतो.

सर्वांत महत्त्वाचं, व्हिसा हातात आल्याशिवाय सामान हलवू नका. व्हिसा लांबला आणि सामान पुढे गेलं तर तिकडे गोदामभाडं दिवसाच्या हिशेबानं चढतं, आणि मालक देशात पोचल्याशिवाय ऑस्ट्रेलियात सामान सुटत नाही.

प्रश्न : आमचं २ बीएचकेचं सामान. पूर्ण कंटेनर घ्यावा की सामायिक? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी घनमीटर काढा, धंद्यातल्या भाषेत सीबीएम. लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजून गुणायची. तुम्ही पाठवलेल्या यादीवरून पॅकिंगसह अंदाज असा: गादीसकट डबल बेड १.६, तीन माणसांचा सोफा १.७, फ्रिज ०.९५, वॉशिंग मशीन ०.४, लोखंडी कपाट १, चार खुर्च्यांसह जेवणाचं टेबल १.३. १८ इंची चौकोनी खोकं ०.०९६ घनमीटरचं, अशी ३० म्हणजे २.९. पुस्तकांसाठीचं १६ बाय १२ बाय १२ इंचांचं छोटं खोकं ०.०३८ चं, अशी १५ म्हणजे ०.६. एकूण साधारण १०.५.

सामायिक कंटेनरमध्ये सामान बहुधा प्लायवूडच्या मोठ्या पेटीत, लिफ्ट व्हॅनमध्ये बंद करून जातं. पेटीची जाडी आणि आतली पोकळी धरून आकारणीचा आकडा १२ च्या आसपास जाईल. २० फुटी कंटेनरचं आतलं माप सुमारे ३३ घनमीटर असलं तरी घरसामान त्यात २६ ते २८ च बसतं. १३ ते १५ घनमीटरच्या पुढे दोन्ही पर्यायांचे दर बरेचदा जवळ येतात. तुम्ही त्या रेषेच्या अलीकडे आहात, पण दोन्ही दर मागवा. पूर्ण कंटेनरमध्ये इतरांची वाट पाहण्याचे १ ते ३ आठवडे वाचतात. शिवाय दुसऱ्या कुणाच्या सामानात आक्षेपार्ह काही सापडलं म्हणून तुमचं अडकत नाही. सामायिकमध्ये ही जोखीम खरी आहे.

लोखंडी कपाटाचा पुन्हा विचार करा. त्याच्या पोटातल्या हवेचेही पैसे तुम्ही भरता. न्यायचंच असेल तर आत उशा-रजया भरा आणि त्या यादीत लिहा. पुस्तकांचं खोकं मात्र मोठं घेऊ नका. छोट्यातच १८ ते २० किलो होतात, मोठं भरलं तर तळ फाटतो आणि उचलणारा ते आपटतो.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात सामान उघडून तपासतात म्हणे. नक्की काय चालत नाही? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तपासतात, आणि मराठी घराच्या सामानात त्यांना सापडण्यासारखं बरंच असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साठवलेल्या धान्यात पडणारा खापरा भुंगेरा तुम्हाला ठाऊक असेल. ऑस्ट्रेलियात तो स्थिरावलेला नाही आणि तो येऊ नये म्हणून तिथलं कृषी खातं फार कडक आहे. तांदूळ, गहू, हरभरा, मूग, तूर, मसूर, चवळी, शेंगदाणे, धणे, जिरे, बडीशेप, सुक्या मिरच्या हे पदार्थ २०२० पासून घरसामानातून न्यायला बंदी आहे, कोणत्याही देशातून. प्रमाण कितीही थोडं असलं तरी. आता स्वयंपाकघर कुणीही रिकामं करतं, पण दाणे भलत्याच ठिकाणी सापडतात. पूजेच्या डब्यातल्या अक्षता. पैठणीच्या घडीत राहिलेले ओटीचे तांदूळ. मिसळणाच्या डब्याच्या खाचेतले जिरे. लहान मुलांच्या खेळण्यातला धान्य भरलेला खुळखुळा. हे सगळं पॅकिंगच्या आधी झटकून, उलटं करून पाहा. साड्यांच्या घड्या मोडाव्या लागतील, तरी मोडा.

कपाटात कसर लागू नये म्हणून ठेवलेला कडुनिंबाचा पाला, फोटोच्या चौकटीवरचा सुकलेला हार, देव्हाऱ्यातली सुकी पानं-फुलं आधीच काढा. केरसुणी, सूप आणि बांबूची टोपली नेऊच नका. जातं आणि पाटा-वरवंटा चालतो, पण टाकीनं पाडलेल्या खाचांमध्ये पीठ आणि मसाला बसलेला असतो. ब्रशनं घासून धुवा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. सायकलची चाकं, बागेची अवजारं, खेळाचे बूट, तंबू यांवर मातीचा कण नको. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी रिकामी हवी. लाकडी पोळपाटाला किंवा देव्हाऱ्याला बारीक भोकं आणि खाली भुसा दिसत असेल तर ती भुंग्याची खूण आहे. अशी वस्तू इथेच ठेवा.

सामानासोबत यूपीई नावाचं निवेदन भरावं लागतं, फॉर्म बी-५३४. त्यात खरं लिहा. शंका असलेल्या वस्तूपुढे ‘होय’ लिहिलं तर ती फार तर तपासली जाईल, साफ करवली जाईल किंवा नष्ट केली जाईल. ‘नाही’ लिहून सापडली तर दंड होऊ शकतो. तपासणी, पुन्हा साफसफाई, धुरी या सगळ्याचा खर्च सामानाच्या मालकाकडून घेतात. देश सोडण्याआधी किमान १२ महिने मालकीच्या आणि वापरातल्या वस्तूंवर आयात कर नसतो. जाण्याआधी महिनाभर घेतलेला नवा टीव्ही त्यात बसत नाही.

खोक्यांच्या यादीत ‘किरकोळ वस्तू’ असं लिहू नका. ‘खोकं १४: स्टीलची ताटं ८, कुकर १, पुरणयंत्र १, वापरलेलं’ असं इंग्रजीत लिहा. संदिग्ध शब्द दिसला की तेच खोकं आधी उघडलं जातं. कच्च्या लाकडाची पेटी किंवा पॅलेट वापरत असतील तर त्यावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का आहे ना, हे पॅकिंगच्या दिवशीच डोळ्यांनी पाहा.

प्रश्न : मी टोरोंटोला आधी एकटा जाणार. सामान आणि कुटुंब चार महिन्यांनी. कागदपत्रं तेव्हाच केली तर चालेल? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : चालणार नाही आणि इथे बरेच जण फसतात. कॅनडात स्थायिक म्हणून पहिल्यांदा उतराल त्याच वेळी विमानतळावरच्या कस्टम्सपुढे दोन याद्या ठेवायच्या असतात: सोबत आणलेल्या वस्तूंची आणि नंतर येणाऱ्या वस्तूंची. त्या दिवशी हातात एकच बॅग असली तरी दुसरी यादी द्यायची. बीएसएफ-१८६ या फॉर्मवर त्याची नोंद होते आणि तुम्हाला प्रत मिळते. नोंद नसलेल्या वस्तूंवर पुढे कर लागू शकतो. म्हणजे पॅकिंग चार महिन्यांनी असलं तरी यादी तुमच्या विमानाआधी तयार हवी: वस्तू, मेक, असल्यास सिरीयल नंबर, अंदाजे किंमत. दागिन्यांचे फोटो आणि मूल्यांकन जोडा. वस्तू तुमच्या मालकीच्या आणि कॅनडात येण्याआधी वापरलेल्या हव्यात. एका वस्तूची किंमत १०,००० कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर वरच्या रकमेवर कर लागतो.

बोट हॅलिफॅक्स किंवा माँट्रियलला लागते, तिथून कंटेनर रेल्वेनं टोरोंटोला. दार ते दार ९ ते १२ आठवडे धरा आणि हिवाळ्यात वरचा आकडा खरा माना. सामान पोचल्यावर ती शिक्का मारलेली प्रत घेऊन कस्टम्सपुढे तुम्हालाच जावं लागतं, म्हणून ती जपून ठेवा.

प्रश्न : लंडनला सामान कधी पोचेल? एक कंपनी ५ आठवडे म्हणते, दुसरी ११. – एक वाचक, ठाणे

उत्तर : ११ वाला तुम्हाला बहुधा खरं सांगतो आहे. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर डिसेंबर २०२३ पासून बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला केप ऑफ गुड होपचा वळसा घातला. त्यानं युरोपच्या फेरीत साधारण १० ते १४ दिवसांची भर पडते. दर घेताना ‘तुमची सेवा सुएझमार्गे की केपमार्गे’ हे लेखी विचारा. ५ आठवडे हा आकडा बंदर ते बंदर असेल, दार ते दार नव्हे, हेही पाहा.

ब्रिटनसाठी टीओआर-१ हा करमाफीचा अर्ज स्वतः तुम्ही करायचा असतो. तो मंजूर झाल्यावर मिळणारा क्रमांक कंपनीला द्यायचा. अट अशी की त्याआधी सलग १२ महिने तुम्ही ब्रिटनबाहेर राहिलेले असावे आणि वस्तू किमान ६ महिने तुमच्या मालकीच्या व वापरातल्या असाव्यात. आल्यावर १२ महिने त्या विकता किंवा भाड्यानं देता येत नाहीत. अर्ज बोट सुटण्याआधी करा. क्रमांक नसताना सामान बंदरावर आलं तर कर भरून सोडवा किंवा गोदामभाडं भरत बसा, असे दोनच मार्ग उरतात.

प्रश्न : आजीचा शिसवी पलंग, पितळी समया आणि काही हस्तलिखित पोथ्या मुलाकडे जर्मनीला पाठवायच्या आहेत. – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : पोथ्यांपासून सुरू करू. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी कलावस्तू आणि ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोल असलेलं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या पोथ्या आजीच्या आधीच्या पिढीतल्या असतील तर त्या इथेच राहतील. चांगल्या कॅमेऱ्यानं पानन् पान टिपून मुलाला द्या. समया तेवढ्या जुन्या नसतील, पण दिसायला जुन्या असतील, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून त्या पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्या. तज्ज्ञ वस्तू प्रत्यक्ष पाहतात, त्यासाठी महिना-दीड महिना वेगळा राखा. कस्टम्सला शंका आल्यावर हे प्रमाणपत्र मिळवायला धावलात तर पूर्ण खेप थांबते.

शिसवाचं प्रकरण वेगळं आहे. शिसव आणि शिसम ज्या प्रजातीतली (डाल्बर्जिया), तिच्यातली जवळजवळ सगळी झाडं २ जानेवारी २०१७ पासून साइट्स या, संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. एका वस्तूतल्या त्या लाकडाचं वजन १० किलोंच्या वर गेलं की परवान्याची कागदपत्रं लागतात, आणि पलंग १० किलोंत बसत नाही. सागवानाला ही अट नाही. आमचा सल्ला, पलंग घरच्याच कुणाला द्या. देव्हाऱ्यातली मोरपिसंही काढून ठेवा, त्यांच्या निर्यातीला बंदी आहे.

प्रश्न : जूनमध्ये पॅकिंग करावं लागतंय. रत्नागिरीत पाऊस. काय काळजी घ्यावी? – एक वाचक

उत्तर : दमट खोलीत बांधलेली गादी कंटेनरमध्ये पोचेपर्यंत बुरशी धरते. कपडे, गाद्या, पुस्तकं आणि लाकूड मेमध्येच उन्हं देऊन प्लास्टिकमध्ये बंद करा. कंटेनरमध्ये ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगायला सांगा. दिवसा तापून रात्री गार होणाऱ्या पत्र्याला आतून घाम येतो आणि तो वरच्या खोक्यांवर ठिबकतो. गाडीत सामान चढवताना फक्त ताडपत्रीवर भागवू नका, बंद गाडी मागा.

प्रश्न : न्यू जर्सीला मिक्सर, फ्रिज न्यावेत का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नको. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, तिकडे १२० आणि ६०. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्ट बदलतात, हर्ट्झ बदलत नाहीत. मोटरवाल्या यंत्रांसाठी तो खटाटोप परवडत नाही. अमेरिकेचं सामान बोटीवर चढण्याच्या किमान २४ तास आधी तिकडच्या कस्टम्सकडे आयएसएफ नावाची आगाऊ माहिती जावी लागते. ती कोण भरणार, हे कंपनीला विचारून ठेवा. उशीर झाला तर दंड आहे.

प्रश्न : विमा घ्यावा का? आणि सर्वांत कमी दराची कंपनी निवडली तर काय बिघडतं? – एक वाचक, पणजी

उत्तर : विमा घ्याच. खोकी स्वतः भरलीत तर फुटतुटीचा दावा बहुतेक पॉलिसी नाकारतात, म्हणून काचेचं आणि चिनीमातीचं सामान कंपनीच्या माणसांकडून बांधून घ्या. किंमत लिहिताना ती वस्तू तिकडे नव्यानं घ्यायला किती लागेल ते लिहा. पॉलिसीत ‘जनरल ॲव्हरेज’ समाविष्ट आहे ना, हे तपासा. जहाज वाचवण्यासाठी झालेला खर्च त्यावरच्या सर्व मालधन्यांनी वाटून भरायचा, असा तो जुना सागरी नियम आहे. २३ मार्च २०२१ ला सुएझमध्ये अडकलेलं एव्हर गिव्हन हे मालवाहू जहाज २९ मार्चला सुटलं, पण इजिप्तमधून निघायला ७ जुलै उजाडला. मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केल्यामुळे त्यावर माल असलेल्यांना आधी हमी द्यावी लागली. विमा असला तर ती हमी विमा कंपनी देते.

दराचं म्हणाल तर कमी दर बरेचदा ‘बंदरापर्यंत’चा असतो. लेखी विचारा: तिकडचं टर्मिनल हाताळणी शुल्क, कंटेनर रिकामा करण्याचा खर्च, तपासणी शुल्क, लिफ्ट नसलेल्या इमारतीत जिन्यानं सामान चढवणं, रिकामी खोकी परत नेणं, यातलं काय धरलं आहे? पूर्ण कंटेनर असेल तर बंदरावर किती दिवस मोफत आणि नंतर रोजचं किती? बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे बोटीवर चढवलेल्या मालाच्या पावतीवर तुमचं नाव पासपोर्टप्रमाणेच आहे का? ‘कुळकर्णी’ आणि ‘कुलकर्णी’ एवढ्या फरकावरही दुरुस्तीत आठवडा जातो. मसुदा बोट सुटण्याआधी मागवून अक्षरन् अक्षर वाचा.